आधी पाण्याला वाट, मग जिवाणूंना काम

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं संक्षिप्त केलं आहे.)



सकाळपासून आपण सगळे एकमेकांना ओळखण्यात गुंतलो आहोत. कुणाचे केस गेलेत, कुणाला चष्मा लागलाय, पण आवाज ऐकला की नाव आठवतं. अशा वेळी "मातीतले जिवाणू" हा विषय काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत काढा वाढण्यासारखं आहे, हे मला कळतं. त्यातून मी सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी. पदवी इंजिनिअरिंगची, शेतीची नाही. तरीही हा विषय घेतला, कारण इथे बसलेल्या निम्म्याअधिक लोकांचं कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर नाव आहे, आणि त्यातल्या कित्येकांच्या रानाचा एखादा तुकडा पांढरा पडला आहे. आमचाही पडला. त्या तुकड्याच्या मागे लागून गेली चार वर्षं जे वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि करून पाहिलं, ते सांगते. काही चुकलं तर दुरुस्त करायला माझ्याहून जाणते शेतकरी याच सभागृहात आहेत.

आपल्या वर्गात दोन प्रकारची मुलं होती, आठवतंय का? एक कालव्याकाठची आणि दुसरी जिरायत गावांतली. कालव्याकाठच्यांच्या डब्यात गूळ-शेंगदाणे असायचे आणि बोलण्यात थोडी ऐट असायची. "आमच्याकडं बारमाही पाणी हाय" हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा ऐकवलं असेल. आज चित्र पाहा. माळावरच्या हलक्या, मुरमाड रानात ठिबकवर डाळिंब आणि पेरू उभे आहेत. आणि कालव्याकाठच्या ज्या काळ्याभोर रानांचा आपल्याला अभिमान होता, त्यांत सखल भागात उन्हाळ्यात मीठ शिंपडल्यासारखा थर दिसतो. पाणी नाही म्हणून जमीन पडीक राहते, हे आपल्या दुष्काळी तालुक्यांना ठाऊक होतं. पाणी आहे म्हणून जमीन पडीक पडते, हे समजायला आपल्याला वेळ लागला.

खरं तर हे नवीन नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पुरंदर, बारामती, इंदापूर असा तो खाली येतो. कालवा आला, बागायत आली, ऊस आला. आणि अवघ्या पंचवीस वर्षांनी, १९१० मध्ये, मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने एक पुस्तिका छापली. विषय होता नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनी. लिहिणारे होते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात हा रोग ओळखला गेला होता. १९१६ मध्ये मुंबई सरकारने कालव्यांच्या पाणीवापराचा अभ्यास करायला एक खास विभाग काढला. पुढे त्यातूनच खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभं राहिलं. ऊस संशोधनासाठी १९३२ मध्ये नीरेजवळ पाडेगावला केंद्र सुरू झालं. एवढी विद्या आपल्या अंगणात असताना रानं पांढरी होत राहिली, याचं कारण विद्येची कमतरता हे नाही. ते काय आहे, त्याच्याकडे मी शेवटी येते.

आधी मीठ येतं कुठून ते बघू. हिशोब सोपा आहे, सातवीच्या गणितातला. समजा पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरी आणि बोअर यापेक्षा खारट असतात. एका एकराला वर्षभरात मिळून एक मीटर उंचीचं पाणी दिलं, तर ते होतं चाळीस लाख लिटर. त्यातून रानात आलेलं मीठ होतं दोन टन. पाटपाण्यावरचा आडसाली ऊस दीड वर्षात याच्या दुपटीहून जास्त पाणी घेतो. पाणी पानांतून आणि जमिनीवरून उडून जातं. मीठ उडत नाही. ते तिथेच राहतं. जमिनीखाली पाणी वाहून जायला वाट असेल, तर पावसाळ्यात ते धुऊन जातं. वाट नसेल, तर खालचं पाणी वर चढत येतं आणि उन्हाळ्यात वरच्या थरात मीठ सोडून उडून जातं. दिव्याच्या वातीतून तेल वर चढावं तसं. आपली काळी माती तर मुळातच चिकट, फुगणारी. पाणी खाली सोडायला ती नाखूश.

आता एक महत्त्वाचा फरक. आपण सगळ्याच बिघडलेल्या रानाला खारवट म्हणतो, पण प्रयोगशाळा तसं म्हणत नाही. माती परीक्षणात सामू साडेआठच्या आत, विद्युतवाहकता चारच्या वर असेल तर ती क्षारयुक्त जमीन. तिच्यावर पांढरा थर येतो, पण निचरा करून चांगल्या पाण्याने धुतली तर ती सुधारते. सामू साडेआठच्या वर गेला आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण पंधरा टक्क्यांपुढे गेलं, तर ती चोपण. भिजली की साबणासारखी, वाळली की विटेसारखी. सोडियम मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतो, ते बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि जमिनीचं नाक बंद होतं. हवा नाही, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. अशा जमिनीवर नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. तिला कॅल्शियम लागतं, म्हणजे सोडियमला हलवून त्याची जागा घेणारा कुणीतरी. जिप्सम टाकतात ते याचसाठी. आणि दोन्ही दोष एकत्र असलेल्या जमिनीही आहेत. म्हणून माती न तपासता औषध देणं म्हणजे ताप किती आहे ते न बघता इंजेक्शन देणं.

आता जिवाणूंकडे येते. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. बारापैकी एकही रकाना मातीत जिवंत काय आहे ते सांगत नाही. सेंद्रिय कर्ब तेवढा त्यांच्या जेवणाचा अंदाज देतो. पण चांगल्या रानाच्या एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला वेडं करतो, तोसुद्धा मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंनी बनवलेल्या एका द्रव्याचा वास असतो. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषधही त्याच कुळातलं.

विज्ञानाच्या तासाला आपण हरभरा मुळासकट उपटून गाठी मोजल्या होत्या. त्या गाठींतला रायझोबियम जिवाणू १८८८ मध्ये नेदरलँड्समधल्या बायरिंक या शास्त्रज्ञाने वेगळा काढला. बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, ब्राझीलमध्ये जोहाना डोबेराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने उसाच्या आत राहून हवेतला नत्र देणारा जिवाणू सापडल्याचं जाहीर केलं. आपण ज्याला ॲसिटोबॅक्टर म्हणतो तोच हा. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये तो तयार होतो आणि आपल्या भागातल्या उसाला वापरला जातो. याशिवाय अडकून बसलेला स्फुरद विरघळवणारे जिवाणू आहेत, मुळांना जोडलेल्या धाग्यांनी लांबचं पाणी आणि स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशी आहे, रोगकारक बुरशीला आवरणारी ट्रायकोडर्मा आहे.

पण चोपण जमिनीच्या दृष्टीने मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. आपल्या काळ्या रानात चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. ती चुनखडी म्हणजे कॅल्शियमच. म्हणजे औषध घरातच आहे, पण कुलपात आहे, कारण चुनखडी पाण्यात सहज विरघळत नाही. किल्ली जिवाणूंकडे आहे. सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू आणि मुळं श्वास सोडतात, त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल तयार होतं. ते चुनखडी थोडी थोडी विरघळवतं. कॅल्शियम मोकळा होतो आणि सोडियमला जागेवरून हलवतो. दुसरी किल्ली गंधकाची. शेतात गंधक टाकलं तर ते तसंच्या तसं काही करत नाही. थायोबॅसिलस जातीचे जिवाणू त्याचं आम्ल करतात, ते आम्ल चुनखडीशी मिळून जमिनीतच जिप्सम बनवतं. रसायनशास्त्राच्या हिशोबाने एक टन गंधक म्हणजे साधारण पाच टन जिप्सम. तिसरी गोष्ट म्हणजे काही जिवाणू स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडतात. सोडियमने सुटे केलेले मातीचे कण ते पुन्हा बांधतात. रान भुसभुशीत होतं ते अशा गोष्टींमुळे.

हे ऐकून कुणालाही वाटेल, मग आणा बाटली आणि ओता. इथेच धोका आहे. आमच्या भावाला एक विक्रेता भेटला होता. नाव घेत नाही. तो म्हणाला, "आमचे जिवाणू क्षार खातात. एकरी चार बाटल्या टाका, दोन महिन्यांत जमीन मऊ." भावाने टाकल्या. दोन महिन्यांत मऊ झाला तो फक्त खिसा. का, ते सांगते. सोडियम हे मूलद्रव्य आहे. साखर कुजते, पाचट कुजतं, सोडियम कुजत नाही. कुठलाही जिवाणू त्याला खाऊन नाहीसं करू शकत नाही. जिवाणू फार तर त्याला मातीच्या कणापासून सुटायला मदत करतो. सुटलेला सोडियम रानाबाहेर वाहून न्यायला पाणीच लागतं, आणि पाण्याला वाट लागते.

दुसरा हिशोब संख्येचा. सरकारी मानकाप्रमाणे द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरमागे किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत. म्हणजे एका लिटरमध्ये दहा हजार कोटी. ऐकायला प्रचंड. पण एका एकरातल्या वरच्या अर्ध्या फूट मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो भरतं. भागाकार केला तर एका ग्रॅम मातीच्या वाट्याला येतात जेमतेम शंभर-सव्वाशे जिवाणू. आणि त्या ग्रॅममध्ये आधीचे दहा कोटी असतील, तर आपले पाहुणे झाले दहा लाखांत एक. रानभर शिंपडलेली बाटली म्हणजे पंढरपूरच्या वारीत पाठवलेला एक माणूस. तो टिकायचा तर दोनच मार्ग. एक, त्याला थेट मुळाशी नेऊन बसवायचं. म्हणून बियाण्याला किंवा बेण्याला चोळतात. उसाच्या बेण्यासाठी कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की हेक्टरी दहा किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू शंभर लिटर पाण्यात मिसळून त्यात टिपऱ्या अर्धा तास बुडवाव्यात. दुसरा मार्ग, त्याच्या आणि आधीपासून राहणाऱ्या सगळ्यांच्या जेवणाची सोय करायची.

त्यातही कुठला जिवाणू कुठे टिकेल हे बघावं लागतं. चांगल्या रानातला जिवाणू चोपण रानात सोडला तर बहुधा जगत नाही. म्हणून करनालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्राने अशाच बिघडलेल्या जमिनींतून क्षार सोसणारे जिवाणू शोधून त्यांची जिवाणू खतं तयार केली. आपल्या माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार यांच्या ताणात पिकं कशी तगवायची, हेच तिचं काम. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी दोन्ही तपासून मिळतं. शिक्रापूरच्या पलीकडे राहणाऱ्या लोकांना जे मिळत नाही, ते आपल्या सायकलच्या अंतरावर आहे.

आता आमच्या रानाचं सांगते. इंदापूर तालुक्यात कालव्याखाली आमचं सहा एकर. त्यातलं खालचं दोन एकर चोपण झालं. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. भाऊ म्हणाला, "ताई, हा तुकडा विकून टाकू. प्लॉटिंगवाला मागतोय. तुझी सही लागंल." वडील गेल्यावर सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं होतं. मी म्हटलं, "सही देते, पण तीन वर्षं थांब. तीन वर्षांत काही झालं नाही तर तू म्हणशील तिथे सही." तो थांबला. आई म्हणाली, "नोकरीतलं डोकं चालवून बघा आता मातीत." डोकं चालवलं ते एवढंच, की कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हा क्रम पाळायचा. आमच्या धंद्यात पायाच नीट नसेल तर वरचं कितीही सुंदर लिहिलं तरी चालत नाही. मातीतही तसंच आहे.

पहिल्या वर्षी माती आणि विहिरीचं पाणी तपासलं. सामू नऊच्या वर निघाला. मग बांधाच्या कडेने खोल चर काढला. जिथे संपला तिथे ओढा असायला हवा होता. तो अर्धा बुजलेला. त्यासाठी तीन शेजाऱ्यांच्या दारी चहा प्यावा लागला, एकाच्या दारी चार वेळा. शेवटी जेसीबीचं भाडं चौघांत वाटलं आणि ओढ्याचा तेवढा तुकडा मोकळा केला. अहवालाप्रमाणे जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावर टाकलं, वाफे बांधले आणि पावसाचं पाणी मुरू दिलं. चरातून जे पाणी वाहत होतं ते भावाने जिभेवर ठेवून बघितलं. खारट. "जातंय बघ," म्हणाला. मीटरने मी तेच मोजलं, पण त्याचा चेहरा मीटरपेक्षा जास्त सांगत होता.

पाऊस सरताना धैंचा पेरला. क्षार सोसणारं हिरवळीचं पीक. फुलावर यायच्या वेळी तो गाडला. दुसऱ्या वर्षी शेणखत टाकलं, पुन्हा धैंचा आणि रब्बीत गहू. गहू फार झाला नाही, पण आला. वरच्या चांगल्या रानातल्या उसाचं पाचट त्या वर्षीपासून जाळणं बंद केलं. एका एकरातून तीन-चार टन पाचट निघतं, आणि आपण काडी लावून एका संध्याकाळी जिवाणूंचं वर्षभराचं जेवण जाळतो. ते सरीत दाबून टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कंपोस्ट जिवाणू, ही शिफारस भावाने पाळली. युरिया का? कारण पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडा. जिवाणूंना ते कुजवताना नत्र कमी पडतो आणि ते पिकाच्या ताटातला ओढून घेतात. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर बरीच वर्षं हेच सांगत आले आहेत, की बाहेरून जिवाणू आणण्याआधी जे आहेत त्यांना खायला घाला आणि नांगरून त्यांचं घर मोडू नका.

तिसऱ्या वर्षी ऊस लावला. खारवट-चोपण जमिनीत तग धरणारी फुले २६५ ही जात निवडली, आणि पाटपाणी सोडून ठिबक केलं. बेण्याला जिवाणू लावले, पण सगळ्या नाही. प्रत्येक बाजूला चार-चार सऱ्या मुद्दाम तशाच ठेवल्या. भाऊ हसला, म्हणाला, "ताई, शेताचीपण परीक्षा घेती का?" हो, घेतली. जिथे निचरा चांगला झाला होता, तिथे जिवाणू लावलेल्या सऱ्या आणि न लावलेल्या सऱ्या यांतला फरक बांधावरून दिसत होता. फुटवे जास्त, पानं गडद. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे अजूनही पाणी तुंबतं, तिथे दोन्ही सऱ्या सारख्याच पिवळ्या. तिथे जिवाणूंनी काहीही केलं नाही. हे एका रानातलं, एका हंगामातलं निरीक्षण आहे, त्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण आमच्यापुरता क्रम स्पष्ट झाला. आधी पाण्याला वाट, मग कॅल्शियम, मग जिवाणूंचं जेवण, आणि मग जिवाणू. आपल्या वाडवडिलांनी एका शब्दात हे सांगून ठेवलंय: वाफसा. रानात ना चिखल ना धूळ, हवा आणि पाणी दोन्ही बेताचं. वाफसा असेल तिथे जिवाणू आपणहून कामाला लागतात. नसेल तिथे त्यांना बाटलीतून पाठवणं व्यर्थ.

आज चौथं वर्ष आहे. दोन एकरांतलं दीड एकर लागवडीत आलं. सामू साडेआठच्या आसपास उतरला आहे. ढेकळात गांडूळ दिसतात. सेंद्रिय कर्ब मात्र अजून अर्ध्या टक्क्याला पोचलेला नाही, तो वाढायला वर्षं लागतात. आणि खालचा अर्धा एकर अजून पांढराच आहे. भावाने तीन वर्षांनंतर सहीचा विषय काढला नाही. मीही नाही.

तो अर्धा एकर का सुधारत नाही, हे आम्हाला माहीत आहे. आमच्या खाली ओढा पुन्हा बुजलेला आहे, आणि तो भाग आमच्या हातात नाही. सुरुवातीला म्हटलं होतं की विद्येची कमतरता हे कारण नाही, ते याचसाठी. क्षार बांध ओळखत नाही. वरच्या शेतकऱ्याने जास्त पाणी दिलं की खालच्याचं रान चिबड होतं. मधल्याने ओढ्यात भराव टाकून दोन सऱ्या वाढवल्या की वरच्याचंही पाणी अडतं. एकट्याने जिप्सम टाकता येतं, जिवाणू लावता येतात, पण एकट्याने ओढा मोकळा करता येत नाही. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेऊन शेतकऱ्यांना एकत्र केलं, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून सामाईक निचरा केला आणि वर्षानुवर्षं पडीक असलेली रानं पुन्हा पिकाखाली आणली. तिथलं तंत्र आपल्याला नवीन नाही. तिथे नवीन होती ती एकी.

एआयबद्दल न बोलता मी इथून सुटणार नाही, हे मला माहीत आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे, त्याची चर्चा देशभर झाली. उपग्रह, मातीतले सेन्सर, हवामान यांवरून पाणी कधी आणि किती द्यायचं, हे फोनवर कळतं. मला त्याचं मोल वाटतं, कारण निम्मा रोग जास्त पाण्याचाच आहे. पण उपग्रह रान कुठे पिवळं पडतंय ते दाखवील. ओढ्यातला भराव कुणी काढायचा, हे त्याला ठरवता येणार नाही.

म्हणून माझं मागणं या वर्गाकडे आहे. जमिनीच्या कामात सगळ्यात अवघड असतं ते शेजाऱ्याच्या दारी पहिल्यांदा जाणं. आपण तर एका बाकावर बसलेले. डबे वाटून खाल्लेत, एकमेकांच्या वह्या उतरवून काढल्यात. आज इथे असे किमान तीन-चार जण आहेत, ज्यांची रानं एकाच ओढ्यावर येतात. त्यांनी जेवणाच्या पंगतीत शेजारी बसावं, एवढीच सुरुवात.

आणि दोन गोष्टी शाळेसाठी. सामू आणि क्षारता मोजण्याचं साधं यंत्र घेणं आपल्या बॅचला सहज परवडेल. सर, बाई, तुमची परवानगी असेल तर नववीच्या मुलांनी आपापल्या रानाची माती आणि विहिरीचं पाणी आणावं, प्रयोगशाळेत मोजावं आणि भिंतीवरच्या गावाच्या नकाशात रंग भरावेत. हिरवा, पिवळा, लाल. दरवर्षी मे महिन्यात एकदा. पक्क्या अहवालासाठी कृषी विज्ञान केंद्र आहेच, पण मुलाने स्वतः मोजलेला आकडा घरी जाऊन वडिलांना सांगितला की तो जास्त ऐकला जातो. पाच वर्षांत गावाचं रान कुठे बिघडतंय आणि कुठे सुधारतंय, हे त्या भिंतीवर दिसेल. दुसरं, या हंगामापासून आपल्यापैकी जे ऊस करतात त्यांनी पाचट पेटवू नये. याला यंत्रही लागत नाही आणि शेजाऱ्याची संमतीही लागत नाही.

यंत्राच्या वर्गणीची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. तिच्या मागच्या पानावर ओढ्यांची नावं लिहून ठेवली आहेत. ज्याचं रान ज्या ओढ्यावर असेल त्याने त्याखाली आपलं नाव आणि गट नंबर लिहावा. पावसाळ्याला अजून वेळ आहे. ओढा मोकळा करायचा तर त्याआधीच करावा लागेल.

तुम्ही एवढा वेळ शांतपणे ऐकलंत. शाळेत असताना माझं भाषण कुणी एवढं शांतपणे ऐकल्याचं आठवत नाही.